तीन दहाची नोंद

रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी आमचं दार वाजवतं.
लाकडी नव्हे, हवेतलं दार,
दुसऱ्या मजल्यावर छताला चिकटलेल्या
पांढऱ्या बशीएवढ्या खोक्यातलं.
सर्व्हर विचारतो : कोण?
उत्तर येतं : गुडवेग मिक्कलसेन, रात्रपाळी.
तो प्रमाणपत्र घेतो, रद्द झालेल्यांची यादी बघतो
आणि म्हणतो : नाही.

सकाळी नोंदी चाळताना मला ती ओळ दिसते.
कॉफीचा घोट घेऊन मी पुढे जातो.

व्हार्दोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारी अर्धा उलटल्यावर येतो.
अंधारातही इथे माणसं एकमेकांना
वाऱ्यात वाकलेल्या पाठीवरून ओळखतात.
त्यामुळे मी जेव्हा म्हणालो,
आता प्रत्येकाने आपापली ओळख पटवायची,
तेव्हा गुडवेग हसली.
"मी? एकतीस वर्षांनी? या डबड्याला?"

तोवर सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता.
फ्रिजच्या दारावर, बांगड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
मासळी आणणाऱ्या ओड्डवारला तो पाठ,
त्याच्या पोराला पाठ,
पाय मोडून आठवडाभर राहिलेल्या लिथुएनियन खलाशाला
बहुधा अजूनही पाठ असेल.
एक जण गेला की सगळ्यांचा बदलायचा,
म्हणून कुणीही गेलं तरी आम्ही बदलत नसू.

मी तिला तीनदा समजावलं, तिन्ही वेळा वेगळं.
हे खोकं स्वतः काही ठरवत नाही गं,
ते नुसतं निरोप्या,
आतून होकार येईस्तोवर तुला उंबऱ्यावर थांबवणारं.
यादी आत बसलेल्याकडे.
आणि आधी त्याने तुला स्वतःची ओळख दाखवायची,
मग तू तुझी.
"हे मात्र झकास," ती म्हणाली,
"पाहुण्याने घरमालकाचे कागद तपासायचे."

मग त्या मार्चात
धक्क्यापाशी एक भाड्याची गाडी उभी राहिली,
तिच्यात आमच्याच नावाचं नेटवर्क.
अक्षर न् अक्षर आमचं, सिग्नल आमच्याहून तगडा.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
गुडवेगच्या टॅब्लेटने कागद मागितले,
सोनूबाईला दाखवता येईनात.
तीन नंबरच्या खाटेपासूनच तिने मला फोन लावला :
"अस्लाक, तुझा तोतया भाऊ आलाय.
मी दार उघडलं नाही."
संध्याकाळी तिने वाफल केले,
तपकिरी चीज घालून,
आणि दोन माझ्यासाठी झाकून ठेवले.

ऑगस्टात ती गेली.
माझ्याकडे अर्ज आला. नाव, खातं, शेवटचा दिवस.
कारण या रकान्यात कुणीतरी फक्त रेघ मारली होती.
मी प्रमाणपत्र रद्द केलं. एक टिचकी.
दुसऱ्या कुणालाच काही बदलावं लागलं नाही,
कुणाचं काही अडलं नाही.
याचसाठी तर केला होता सगळा अट्टहास.

डिसेंबरात एकदा झोप येईना
म्हणून सिग्नलचा माग काढत निघालो.
चादरींच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर,
चार्जरला लावलेला तिचा टॅब्लेट.
तीन दहाला पडदा उजळला, बारीक किणकिण झाली.
'खाट तीन. कूस बदलणे.'
आणि नेटवर्क मिळतं का म्हणून त्याने वर धडक मारली.

मागे मारेत उभी होती, या हिवाळ्यातली रात्रपाळी.
"वाजू दे," ती म्हणाली, "मी त्याच्यावरच उठते,"
आणि तीन नंबरकडे गेली.
नियम सांगतो, असं यंत्र पुसून टाकावं.
मी फक्त त्याचं वाय-फाय बंद केलं,
आणि कपाट लोटून घेतलं.

आज सकाळच्या नोंदींत
तीन नऊनंतर एकदम तीन चौदा.
मी ती जागा दोनदा वाचली.